एकोणीस इंची रिम आणि उसाच्या ट्रॉल्या

प्रश्न : काका, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. गेल्या दसऱ्याला पुण्यातून सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ घेतली, २०११ ची. रिम १८ इंची आहेत. पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८. टायर संपत आलेत, म्हणून म्हटलं रिमसकट बदलू. एक दुकानदार १९ इंची, साडेनऊ जे (म्हणजे साडेनऊ इंच रुंद), ऑफसेट २२ चे चार रिम देतोय. त्यावर पुढे २४५/३५ आणि मागे २७५/३५ टायर. ‘बसतंय की, डोळे झाकून घ्या,’ म्हणतो. भावाचं म्हणणं, गाडी भरल्यासारखी दिसेल. घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दादा, बसेल. जॅकवर चढवलेल्या गाडीला काहीही बसतं. गाडी खाली उतरवून पूर्ण स्टिअरिंग फिरवलं आणि दोन माणसं बसवून खड्ड्यात घातली, की काय बसलं ते कळतं.

आधी एक कागद घ्या. २५५/३५ आर१८ म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर आणि साइडवॉल, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूची उंची, त्याच्या ३५ टक्के, म्हणजे ८९.२५. ती रिमच्या वर एकदा, खाली एकदा, झाले १७८.५. रिमचे १८ इंच गुणिले २५.४, म्हणजे ४५७.२. बेरीज ६३५.७ मिलिमीटर. हा तुमच्या मागच्या चाकाचा एकूण व्यास. पुढच्याचा असाच काढा, ६३७.२ येईल. साइज वेगळे असूनही पुढच्या-मागच्यात फरक जेमतेम दीड मिलिमीटर. हे कंपनीने मुद्दाम जुळवलेलं आहे.

आता दुकानदाराचा सेट मांडा. मागे ६७५.१, पुढे ६५४.१. मागचं चाक सहा टक्क्यांनी वाढलं. म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा आत्ता गाडी जेवढी पळते, त्याहून सहा टक्के जास्त पळणार आणि तुम्हाला पत्ता नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे पुढच्या-मागच्यात २१ मिलिमीटरचा फरक पडला. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस आणि वेग घेताना चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांचा फिरण्याचा वेग ताडून कुठलं चाक घसरतंय ते ठरवतात. सरळ कोरड्या रस्त्यावरच पुढची चाकं मागच्यांपेक्षा तीन टक्के जास्त फिरायला लागली, तर त्या कॉम्प्युटरने समजायचं काय? दुकानदाराकडे २७५/३५ शिल्लक असतील, म्हणून तो साइज तुमच्या गाडीला ‘बसतोय’, असा माझा अंदाज. व्यास मूळच्या एक टक्क्याच्या आतबाहेर राहिला पाहिजे, आणि पुढचा-मागचा एकमेकांशी जुळला पाहिजे. मी यापुढे जात नाही.

आता ऑफसेट. यात भलेभले फसतात, कारण तो दिसत नाही. हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या मधल्या भागाला, टेकणारा रिमचा भाग रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, तो हा आकडा. जुना रिम काढून उलटा टाका, आरीच्या मागे रुंदी आणि ऑफसेट कोरलेला सापडेल. समजा पुढच्या रिमवर आठ जे, ऑफसेट २९ निघाला. आठ इंचाचे अर्धे १०१.६, त्यातून २९ वजा केले की बाहेरची कड हबपासून ७२.६ वर आली. साडेनऊचा अर्धा १२०.६, वजा २२, म्हणजे ९८.६. चाकाची कड २६ मिलिमीटर बाहेर येणार, मडगार्डच्या कडेला भिडायला. आतली बाजू १०१.६ अधिक २९, म्हणजे १३०.६, नवी १४२.६. म्हणजे आतही १२ मिलिमीटर सरकली, शॉकॲब्सॉर्बरकडे. दोन्हीकडून चेंगरलं.

आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजमध्ये मी हे कणकेने तपासतो. हसू नका. सुपारीएवढा कणकेचा गोळा शॉकॲब्सॉर्बरवर चाकासमोर चिकटवायचा, एक आत मडगार्डच्या लायनरला. टायरला थोडं तेल पुसायचं, म्हणजे कणीक त्याला चिकटत नाही. चाक चढवायचं, गाडी खाली घ्यायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग सावकाश स्पीडब्रेकरवरून एक फेरी. परत जॅक लावून गोळा किती चपटला ते पट्टीने मोजायचं. पाच मिलिमीटरपेक्षा पातळ झाला असेल तर रिम परत. घरून डबा आणताना कणीकही आणतो म्हणून बायको वैतागते, पण हे माप कधी खोटं बोललेलं नाही.

एकोणीसच हवं असेल तर गणितात बसणारा साइज आहे : पुढे २२५/३५, मागे २५५/३०. व्यास ६४०.१ आणि ६३५.६, दोन्ही ठीक. पण मागची साइडवॉल उरते साडेशहात्तर मिलिमीटर, माझ्या चार बोटांएवढी. आणि तुम्ही गाडी चालवणार कुठे? पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं म्हटलं तरी गळीत हंगामात समोरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. वाट द्यायला डावं चाक साइडपट्टीवर उतरवायचं आणि परत डांबरावर चढवायचं. ती तुटलेली डांबराची कड पातळ साइडवॉलला रिमवर दाबून आतले धागे तोडते. दोन दिवसांनी टायरला टेंगूळ. त्याला पॅच नाही, टायर थेट भंगारात. हंगामात अशी टेंगळं माझ्याकडे इतकी येतात की टायर बघूनच मी विचारतो, ‘ट्रॉली होती का?’

मला विचाराल तर अठरावरच थांबा, आहे त्याच साइजचे टायर घ्या. किंवा उलटं जा : १७ इंची रिम, चारही चाकांना २२५/४५ आर१७. व्यास ६३४.३, साइडवॉल १०१ मिलिमीटर. मात्र रिम आधी ब्रेक कॅलिपरवर चढवून बघा, १७ ची आतली जागा कमी असते. गाडी कमी भरलेली दिसेल, खरंय. पण यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन बघा, वळणात मधे खड्डा आला तरी चाक जमीन सोडणार नाही. हलकं चाक खालीवर पटकन होतं. स्पोर्ट्स कारची मजा त्यात आहे, भावाच्या फोटोत नाही.

रिम कुठलेही घ्या, तीन गोष्टी बघा. पीसीडी, म्हणजे बोल्टची मांडणी, ५ x १२० पाहिजे : पाच बोल्ट, १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. ५ x ११२ चे रिम ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. मधलं भोक ७२.६ मिलिमीटर पाहिजे. मोठं असेल तर मापाची स्पिगॉट रिंग, म्हणजे हब आणि भोक यांच्यामधली फट भरणारी कडी. हे मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या ऑक्टाव्हियाचा हब ५७.१ चा, हौसेने घेतलेल्या रिमचं भोक ७३.१ चं. नव्वदला स्टिअरिंग असं थरथरायचं की तीनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, टायर बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. शेवटी दोन-अडीचशेच्या प्लॅस्टिक रिंगने काम झालं, आणि बाकी गिऱ्हाइकांना मी हुशारी शिकवत होतो! तिसरं, टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो.

तुमच्या गाडीत स्टेपनी नाही, कारण ती रनफ्लॅट टायरवर येते, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या टायरवर. साधे टायर घेतलेत तर गाडी मऊ होईल, पण डिकीत पंक्चर किट आणि हवेचा पंप पाहिजेच. आणि कंपनीने न दिलेला साइज लावलात तर विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर आधी टायर वाचतो, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरावा का? (कोरेगाव)

उत्तर : साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. फुकट मिळाला तर भरा. पैसे देऊन नको, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी सकाळी टायर थंड असताना हवा तपासा.

प्रश्न : चारपैकी दोनच टायर घेण्याची ऐपत आहे. नवे पुढे लावू की मागे? गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे. (मिरज)

उत्तर : मागे. दुकानदार पुढे लावायला सांगेल, कारण पुढचे लवकर झिजतात. पण पावसात झिजलेलं पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, ब्रेक दाबून सावरता येते. मागचं घसरलं तर गाडी फिरते, आणि ती सावरणं माझ्यासारख्या तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्यालाही जमेलच असं नाही. आणि घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. ‘नवा’ म्हणून दिला तरी घेऊ नका.