कणकेचं गोत्र

प्रश्न : दीड वर्षापासून आम्ही श्टुटगार्टला आहोत. शेजारच्या आजींकडून मी पाव करायला शिकते आहे. मळलेल्या कणकेला त्या ‘टाइग’ म्हणतात, माझ्या वर्गातली स्वीडिश मैत्रीण ‘डेग’ म्हणते आणि इंग्रजीत तर ‘डो’. हा एकच शब्द आहे का? असेल तर इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ते ‘जी-एच’ काय करतं? आमच्या यजमानांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की टाइग हा आपल्या ‘देह’वरून आला. मला पटत नाही. पैज लागली आहे.
ता. क. यीस्टला इथे ‘हेफे’ म्हणतात. मग यीस्ट कुठे गेलं?
— एक वाचक, श्टुटगार्ट

प्रश्न : मी रोज सकाळी डेअरीला दूध घालतो. पाचवीतल्या नातवाने विचारलं, रोज घालायचं म्हणून ‘डे’अरी का? काय सांगू त्याला?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली आणि मला हसू आलं. दोघांनीही एकच शब्द विचारलाय. त्यामुळे उत्तरही एकत्रच देते.

आधी पैजेचा निकाल. यजमान अर्धे जिंकले, आणि अर्धे वाईट हरले. कसे, ते पुढे येईलच.

१९८३च्या हिवाळ्यात मी ग्योटिंगेनला शिकायला होते. घरमालकीणबाई शनिवारी वेणीसारखा गुंफलेला गोड पाव करायच्या. पहिल्या शनिवारी त्यांनी पातेल्यावर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, ‘टाइगला आता तासभर जायचंय.’ मी पुण्यातून कच्चं जर्मन घेऊन गेलेली. विचारलं, ‘कुठे?’ बाई आठवडाभर हे शेजारणींना सांगत होत्या. जर्मन कणीक फुगते तेव्हा ती ‘जाते’; आपली ‘वर येते’. आणि खरंच ती गेली होती. संध्याकाळी वाचनालयातून दमून आले, अंथरुणात शिरायला पिसांची रजई उचलली, तर आत उबेला ठेवलेलं ते पातेलं! खोलीत तीच एक ऊबदार जागा होती.

वर मी ‘कणीक’ म्हटलं ते सोयीसाठी. टाइग म्हणजे मळलेलं कुठलंही पीठ. आपण या बाबतीत मोठे बेफिकीर आहोत. डब्यातलं कोरडं तेही पीठ, भाकरीचं मळलेलं तेही पीठ आणि इडलीचं आंबलेलं तेही पीठ. पण पुरणाला गोळा घेतला की मात्र लगेच ‘उंडा’ आणि ‘पारी’! जर्मन गृहिणीही आपल्यासारखीच, धिरड्यासारख्या पातळ मिश्रणालाही टाइगच म्हणते. पेढीवरचा बेकर तसं करत नाही. जे मळतात ते टाइग, जे फेटतात ते ‘मासे’, असा तो भेद पाळतो. आणि तुमच्या दुकानात ‘टाइगवारेन’ अशी पाटी दिसली तर तिथे ताजी कणीक शोधू नका, ती शेवयांची आणि पास्त्याची मांडणी असते.

आता शब्द. होय, एकच आहे. जर्मन टाइग, डच ‘डेख’ (शेवट घशातून खरवडून), स्वीडिश डेग, डॅनिश ‘डाय’, इंग्रजी डो. कानाला लांबचे वाटतात, पण मी वर्गात फळ्यावर नेहमी तीन शब्द एका रांगेत लिहायची: दगड, घर, कणीक. जर्मनमध्ये श्टाइन, हाइम, टाइग. स्वीडिशमध्ये स्टेन, हेम, डेग. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत स्टान, हाम, डाग. त्या जुन्या इंग्रजीतला लांब ‘आ’ पुढे ‘ओ’ झाला, म्हणून आजचे स्टोन, होम आणि डो. जर्मनचा ‘आइ’ जिथे दिसेल तिथे इंग्रजीत ‘ओ’ शोधायचा. प्रत्येक वेळी सापडेल असं नाही, पण सापडला की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होत.

सुरुवातीच्या ‘ड’चा ‘ट’ झाला तो फक्त जर्मनमध्ये. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडच्या बोलींत ही लाट आली. इंग्रज ‘डे’ म्हणतो तिथे तुमच्या आजी ‘टाग’ म्हणतात, ‘डोअर’ला ‘ट्यूर’, ‘डॉटर’ला ‘टोख्टर’. डच आणि स्वीडिश या लाटेच्या बाहेर राहिले.

‘जी-एच’ म्हणजे एका गेलेल्या आवाजाची पाटी आहे. जुन्या ‘डाग’मधला ‘ग’ आधी घशातला ‘ख’ झाला. लिहिणाऱ्यांनी त्यासाठी जी-एच वापरलं आणि मग बोलणाऱ्यांनी तो आवाजच सोडून दिला. घरमालक गेला, दारावरची पाटी राहिली. उत्तर इंग्लंडमध्ये काही ठिकाणी मात्र तो घशातला ‘ख’ ओठांवर येऊन ‘फ’ झाला, जसा ‘रफ’ आणि ‘इनफ’मध्ये. म्हणून तिथे याच शब्दाचं ‘डफ’ झालं, आणि कापडात बांधून उकडलेल्या एका पुडिंगच्या नावात, ‘प्लम डफ’मध्ये, ते अजून आहे. डॅनिश लोकांनी ‘ग’ विरघळवून ‘य’ केला. जर्मन रस्ता ‘वेग’, डॅनिश ‘वाय’. तसंच टाइग आणि डाय.

या कुळातला सगळ्यात जुना लिखित शब्द गॉथिक भाषेत, म्हणजे जर्मनच्या एका लोप पावलेल्या नातलग भाषेत, मिळतो. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणलं. थोडंसं खमीर सगळा गोळा फुगवतं, हे पॉलच्या पत्रातलं वाक्य आहे ना, तिथला गोळा म्हणजे ‘डाइग्स’. त्याच भाषांतरात ‘डिगन’ हे क्रियापद आहे, आणि ते कणकेबद्दल नाही. घडवलेली वस्तू आपल्या घडवणाऱ्याला जाब विचारील का, अशा वाक्यात ते येतं. म्हणजे मुळात हा शब्द स्वयंपाकघराचा नव्हेच. तो मातीत हात घालणाऱ्याचा आहे. ओला चिखल मळायचा, थापायचा, आकार द्यायचा. पुढे तीच हालचाल पिठाच्या वाट्याला आली.

इथे यजमानांना बोलवा. संस्कृतात ‘दिह्’ हा धातू आहे: लिंपणे, सारवणे, माखणे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘उपचय’ दिलाय, म्हणजे थरावर थर चढून भर पडणं. त्यावरून देह. कोकणात आजीला शेणाने खळं सारवताना मी पाहिलंय. मनगट जमिनीला टेकवून अर्धगोल फिरवत जायची ती. ‘दिह्’ म्हटलं की मला तो हात दिसतो. तर देह आणि टाइग यांचं रक्त एक आहे, एवढं यजमानांचं खरं. पण टाइग देहा‘वरून’ आला नाही. दोघं चुलत भावंडं, आणि त्यांचा आजोबा संस्कृतही नव्हे आणि जर्मनही नव्हे. चुलतभावाला मुलगा म्हटलं की वंशावळ बिघडते. हे निरोप फिरवणाऱ्यांना मी किती वर्षं सांगते आहे!

तुम्हाला न पटण्याचं कारणही बरोबर होतं असं मी धरते. संस्कृत ‘द’ आणि जर्मन ‘ट’ इतके सरळ जुळत नाहीत. नियमाने इथे ‘ध’ हवा होता. तो ‘ध’ होताच. मूळ धातूत पुढेही महाप्राण (‘ध’, ‘भ’, ‘घ’सारखा ‘ह’च्या जोराचा आवाज) आणि मागेही महाप्राण, आणि संस्कृतला असे दोन महाप्राण एका श्वासात सोसत नाहीत, पहिल्याचा जोर ती काढून घेते. ‘भू’चं ‘भभूव’ न होता ‘बभूव’ होतं, ते याचमुळे. पण भविष्यकाळात मागचा महाप्राण जातो तेव्हा लपलेला ‘ध’ पुन्हा वर येतो: ‘धेक्ष्यति’. दुहिता आणि टोख्टर ही जोडीही याच वाटेने जुळते. हा नियम १८६३मध्ये मांडणारा हेरमान ग्रासमान श्टेटीनच्या शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या गणिताकडे हयातीत फारसं कुणी पाहिलं नाही (आज ते सगळीकडे शिकवतात), तेव्हा हा गृहस्थ संस्कृतकडे वळला आणि त्याने ऋग्वेदाचा अख्खा शब्दकोश रचला. शाळामास्तरांबद्दल मला पक्षपात आहे, तो इथे चालवून घ्या.

शेवटच्या ‘ह’चं कोडं सोपं आहे. आपल्या ‘ह’समोर जर्मन ‘ग’ उभा राहतो: हंसासमोर ‘गान्स’, म्हणजे त्यांचं बदक-हंसाच्या जातीतलं पाखरू, आणि वहनासमोर ‘वागन’, गाडी.

या घराण्यातली माणसं फार दूर दूर गेलीत. ऋग्वेदात ‘देही’ म्हणजे मातीचा बांध, तटबंदी. ग्रीक ‘तेइखोस’ म्हणजे तटाची भिंत. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘पइरि-दएझ’, चहूबाजूंनी भिंत घातलेली जागा. तिचं ग्रीकांनी बाग केलं, पुढे तिचा स्वर्ग झाला आणि इंग्रजीत पॅरडाइज. फारसीतलं ‘फिर्दौस’ तेच. लॅटिनमध्ये याच धातूपासून ‘फिगुरा’, घडवलेली आकृती, म्हणजे आपली रोजची ‘फिगर’. आणि घरातला शब्द तर आपण विसरूनच गेलोय: ‘संदिग्ध’. एकमेकांत माखून गेलेलं, कडा न उरलेलं. संदेहही त्यातलाच. कणकेत मीठ पडलं आहे की नाही हे पाहून सांगता येत नाही, तसं.

आता सांगलीकरांचा नातू. त्याला सांगा, ‘डे’ म्हणजे दिवस नव्हे, पण प्रश्न उत्तम. जुन्या इंग्रजीत ‘डॅगे’ म्हणजे कणीक मळणारी बाई. वाड्यावर, शेतावर पाव करणारी ती मोलकरीण. मळणारी बाई गुरांचंही बघणार, दूध काढणार, लोणी घुसळणार. आपल्याकडच्या शेतावर याहून वेगळं काय होतं? हळूहळू ‘डे’ म्हणजे दुधाचं बघणारी बाई झाली. तेराव्या शतकाच्या सुमारास तिला फ्रेंच वळणाचा ‘-री’ प्रत्यय लागला, जो बेकरीला आहे तोच, आणि तिच्या कामाची खोली ‘डेअरी’ झाली. नॉर्वेच्या डोंगरात उन्हाळी कुरणांवर गुरं सांभाळणाऱ्या बाईला ‘बुडाइए’ म्हणतात. त्यातला ‘बु’ म्हणजे गुरं आणि ‘डाइए’ म्हणजे हीच कणीकवाली. तेव्हा आजोबा रोज सकाळी दूध घालतात ते, शब्दाने पाहिलं तर, कणीक मळायच्या खोलीत.

तिचीच थोरली बहीण वाड्यात बसली. जुन्या इंग्रजीत पावाला ‘ह्लाफ’ म्हणत, आजचा लोफ. पाव मळणारी ती ‘ह्लॅफडिये’, आणि पाव राखणारा तो ‘ह्लाफवेअर्ड’. घासून घासून पहिलीची ‘लेडी’ झाली आणि दुसऱ्याचा ‘लॉर्ड’. मुंबईच्या लोकलमधला लेडीज डबा म्हणजे पाव मळणाऱ्यांचा डबा. संध्याकाळच्या कर्जत गाडीत मांडीवर गवार निवडत बसलेल्या बायका पाहिल्या की ही व्युत्पत्ती मला अजिबात लांबची वाटत नाही.

ता. क.चं उत्तर. यीस्ट जर्मनमध्ये आहे, पण स्वयंपाकघर सोडून समुद्रावर गेलंय: लाटांच्या फेसाळ तुषारांना ‘गिश्ट’ म्हणतात. मूळ अर्थ उकळणं, फेसाळणं. डच लोक खमिराला ‘खिस्ट’ म्हणतात, स्वीडिश ‘येस्ट’. संस्कृतात हा धातू ‘यस्’, ज्यातून आपले आयास आणि प्रयास आले. यजमानांना हे अवश्य सांगा, पण ‘वरून’ म्हणू देऊ नका. हेफे मात्र वेगळ्या घरचा, ‘हेबेन’ म्हणजे उचलणे, त्यातून आलेला. कणीक वर उचलतो तो हेफे. दुकानात थंड कपाटात त्याचा ४२ ग्रॅमचा ठोकळा मिळतो. ऑस्ट्रियात गेलात तर हेफे मागू नका, तिथे त्याला ‘गेर्म’ म्हणतात. ठोकळा तोच.