‘अनलेस’च्या पोटातला नकार

‘अनलेस यू डोंट साइन, द फॉर्म विल बी रिजेक्टेड’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘अनलेस’मधला ‘अन’ हा ‘अनहॅपी’मधलाच का, असे दोन प्रश्न आले आहेत.

वाक्य चूक आहे. ‘अनलेस’च्या पोटातच नकार असल्यामुळे पुढे ‘डोंट’ आला की अर्थ उलटतो आणि सही केली तर अर्ज फेटाळला जाईल, असे काहीतरी विपरीत हाती येते. ही चूक मराठी माणसाकडून वारंवार का होते, याचे उत्तर मराठीतच सापडते. ‘सही केल्याशिवाय अर्ज स्वीकारणार नाहीत’ यात अट घालण्याचे काम एकटे ‘शिवाय’ करते; पण ‘जोपर्यंत तुम्ही सही करत नाही, तोपर्यंत अर्ज स्वीकारणार नाहीत’ असे म्हटले की अटीच्या वाक्यातही ‘नाही’ उघडपणे येऊन बसते. मनात ही दुसरी रचना असली की तिच्यातला ‘नाही’ इंग्रजीत ‘डोंट’ होऊन उतरतो. म्हणून ‘अनलेस’ लिहिताना मनाशी ‘शिवाय’ किंवा ‘खेरीज’ धरावे, हे बरे.

आता व्युत्पत्ती. हा ‘अन’ नकारार्थी उपसर्ग नव्हे. 15 व्या शतकातल्या इंग्रजीत ‘ऑन लेस दॅन’ अशा धाटणीचा शब्दप्रयोग होता. ‘तू येण्याहून कमी अटीवर मी जाणार नाही’, असा त्याचा रोख. पुढे तो आखडून एक शब्द झाला, आघात नसलेला ‘ऑन’ उच्चारात पुसट झाला आणि शब्दाच्या अर्थामध्ये नकार आधीपासून होताच, त्यामुळे लोकांनी त्याला ‘अन’ समजून तसेच लिहायला सुरुवात केली. फ्रेंचमधला ‘आ म्वँ क’ हा याच घडणीचा, ‘कमी’ या अर्थाच्या शब्दावर उभा असलेला प्रयोग आहे. गंमत अशी की, शिष्ट फ्रेंचमध्ये त्याच्यापुढे क्रियापदाआधी एक ‘न’ घालतात आणि तो नुसता शोभेचा असतो, त्याने नकार होत नाही. आपल्या ‘डोंट’ला मात्र इंग्रजीत तशी सवलत नाही.

‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’ असे कोशात पाहून दोन्ही सर्रास अदलाबदल करून वापरू नयेत. ‘तो आला नाही तर मला आश्चर्य वाटेल’ हे इंग्रजीत ‘इफ’नेच सांगावे लागते, कारण इथे न येणे हेच आश्चर्याचे कारण आहे, ‘अनलेस’ला कारण नव्हे, अपवाद सांगायचा असतो.