आश्रमात उलट्या-जुलाबांची साथ आलीय, काय करू?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी एका वृद्धाश्रमात सुपरवायझर आहे, तीस-पस्तीस आजी-आजोबा आहेत, निम्मे तरी बेडवरच असतात. रविवारी जेवणाच्या हॉलमध्ये एका आजींना जोरात उलटी झाली आणि मंगळवारपर्यंत नऊ जण आडवे, आता दोन मावश्यांनाही सुरू झालंय. ताप फारसा नाही, उलट्याच जास्त. आचारी म्हणतो पाणी खराब आहे, ट्रस्टी म्हणतात बाहेर कुणाला बोलू नका. दारोदारी सॅनिटायझर ठेवलंय तरी रोज नवीन पेशंट निघतोय. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून नोरोव्हायरसचा दाट संशय येतो. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, बहुतेकांना एक ते तीन दिवसांत उतारही पडतो, पण अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी पुरतात म्हणून तो असा भराभर पसरतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत अशीच साथ आली होती, त्या गावावरूनच नाव पडलं. आपल्याकडे २०२१ मध्ये केरळात वायनाडला विद्यार्थ्यांमध्ये सापडला होता. तरी नुसत्या वर्णनावर जाऊ नका, दोन-तीन जणांचे स्टूल सॅम्पल डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि आचारी म्हणतो तेही उडवून लावू नका, टाकीचं पाणी तपासायला द्या आणि तोवर उकळूनच प्यायला द्या. शौचात रक्त, जास्त ताप किंवा तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब दिसले तर आजार वेगळा असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

आता सॅनिटायझर. कोविडपासून आपल्या सगळ्यांच्या हाताला ती सवय लागलीय, पण कोविडच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं ते अल्कोहोलने फुटतं, नोरोव्हायरसला ते आवरणच नसतं, त्यामुळे सॅनिटायझरचा त्याच्यावर भरवसा नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांपर्यंत. प्रत्येक डायपर बदलल्यावर, प्रत्येकाला भरवायच्या आधी, ग्लोव्हज काढल्यावर सुद्धा.

फरशीला फिनेल पुरत नाही, हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच लागतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर उलटी-शौच सांडलेल्या जागी एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, आणि कठडे, कड्या, नळ, स्विच, कमोडची सीट यांना एक लिटर पाण्यात २० मिली. रोज ताजं बनवा. आधी मास्क-ग्लोव्हज घालून जुन्या कपड्याने किंवा पेपरने घाण उचलायची, पिशवीत बांधायची, मग ते ब्लीचचं पाणी ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, नुसतं पुसून पुढे गेलं तर उपयोग नाही. उलटीचे बारीक थेंब लांबवर उडतात त्यामुळे त्या हॉलमधली आजूबाजूची टेबलं-खुर्च्याही घ्या. चादरी झटकू नका, वेगळ्या गरम पाण्यात धुवा. आणि एक गोष्ट मावश्यांना समोर बसवून सांगा, ब्लीचमध्ये टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं.

आजारी लोक एका बाजूच्या खोल्यांत, त्यांचा संडास वेगळा, त्यांना बघणाऱ्या मावश्या त्यांच्यापुरत्याच. हॉलमधलं जेवण, भजन, नवीन ॲडमिशन सगळं थांबवा. उलट्या-जुलाब थांबल्यावर सुद्धा ४८ तास वेगळंच ठेवायचं.

हाच ४८ तासांचा नियम मावश्यांना आणि आचाऱ्याला लागू आहे आणि माझ्या मते तुमची साथ थांबणार की नाही ते इथेच ठरणार. ब्यूरोतून आलेली मावशी रोजावर असते, एक दिवस घरी बसली की त्या दिवसाचे पैसे गेले, मग ती पोटात कळ मारत असली तरी गोळी खाऊन ड्यूटीवर येणारच, तिला दोष कसा द्यायचा? तिचे आजारपणाचे दिवस भरपगारी करा. ट्रस्टींना स्पष्ट सांगा की दोन मावश्यांचा चार दिवसांचा रोज हा एका आजोबांच्या हॉस्पिटलच्या बिलापेक्षा कितीतरी कमी आहे. आणि लपवू नका, नातेवाइकांना आजच फोन करा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, पाण्याच्या तपासणीलाही त्यांची मदत होते.

जीव जातो तो मुख्यतः अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे. म्हाताऱ्या माणसाला तहान कळतच नाही, 'नको' म्हणाले म्हणून सोडून देऊ नका, ओआरएसचं एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घोळून दर दोन-चार मिनिटांनी चमचा-चमचा द्या. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य कॉलरा रुग्ण वाचवले होते, याला कमी समजू नका. डायबिटीस असला तरी ओआरएस द्यायचं, फक्त शुगर तपासत राहा. हार्ट किंवा किडनीच्या पेशंटला किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि लघवीची गोळी, बीपी-शुगरची औषधं या दिवसांत चालू ठेवायची का तेही त्याच फोनवर विचारून घ्या. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, जुलाब बंद करायची गोळी स्वतःहून देऊ नका. बेडवरच्यांना कुशीवर ठेवा, उलटी श्वासात गेली तर न्यूमोनिया होतो. सहा-आठ तास लघवी नाही, एकदम गुंगी, असंबद्ध बोलणं, किंवा प्यायलेलं काहीच टिकत नाही, तर सलाईनसाठी लगेच हलवा, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न: वडील ज्या आश्रमात आहेत तिथे अशीच साथ आहे. त्यांना अजून काही झालेलं नाही. घरी आणू का? घरात दोन वर्षांचा नातू आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर: आत्ता नको दादा. त्यांना लागण झाली असेल पण अजून दिसत नसेल, आणि घरात छोटं बाळ आहे. तिथे त्यांची खोली वेगळी आहे का, हात धुवायला साबण आहे का हे विचारा, रोज व्हिडिओ कॉल करा. आश्रमात ओआरएसची पाकिटं आणि हायपोक्लोराइटच्या बाटल्या पोचवल्यात तर त्याचा उपयोग सगळ्यांनाच होईल. शेवटचा पेशंट बरा होऊन किमान दोन दिवस गेले की मग भेटायला जा.