रात्री कोणीतरी रडतं

फेब्रुवारी महिना होता. रात्री नऊला फोन वाजला. "मॅडम, आत्ता बोलू का?" मुलगी अगदी दबक्या आवाजात बोलत होती. ती ऑस्ट्रेलियात केर्न्सला होती आणि केर्न्स आपल्या साडेचार तास पुढे. म्हणजे तिच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. तिने अडचण सांगायच्या आधीच अर्धी अडचण मला कळली होती.

तिला सायली म्हणू. तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून. आटपाडीकडची मुलगी. टँकर आला की हंडे घेऊन धावण्यात लहानपण गेलेलं. वन्यजीव संवर्धन शिकायला ती क्वीन्सलँडच्या उत्तर भागात गेली, जिथलं वर्षावन डोंगरावरून उतरत थेट समुद्राला भिडतं. त्या जंगलाला १९८८ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. याच जंगलाच्या ओढीने तिने दोन वर्षं तयारी केली होती. तिथे पोचून नऊ दिवस झाले होते.

"मला परत यायचंय. माझा निर्णयच चुकला. पण बाबांनी कर्ज काढलंय, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

परदेशी गेलेल्या मुलांकडून हा प्रश्न मला दरवर्षी येतो: पहिल्याच आठवड्यात परत यावंसं वाटतंय, म्हणजे माझं चुकलं का? मानववंशशास्त्रज्ञ कॅलेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० साली 'कल्चर शॉक'वर लिहिलं, त्यात आधी नवलाईचे दिवस येतात आणि मग धक्का बसतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या वाट्याला ती नवलाई येतच नाही. आणि सगळे मजेत आहेत, आपल्यालाच का जमत नाही, या विचाराने ती दुप्पट खचतात. म्हणून मी सायलीला आधी एवढंच सांगितलं की नऊ दिवसांत कोणताही निर्णय चूक की बरोबर ते कळत नाही. या नऊ दिवसांत तू किती तास झोपलीस, ते मला सांग.

रोज तीन तास, तेही पहाटे.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. पाऊस थांबत नव्हता. केर्न्सला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि फेब्रुवारी म्हणजे त्याचा ऐन भर. पापड मऊ पडले, कोल्हापुरी चपलेवर हिरवट बुरशी चढली. पहिल्या माहितीसत्रात तासाभरात सांगितलं गेलं की खाडीकाठी मगरी असतात, या दिवसांत समुद्रात डंख मारणारे जेलीफिश असतात, जंगलात एका झाडाचं पान लागलं तर वेदना महिनोन्‌महिने राहू शकतात, आणि कॅसोवरी हा माणसाएवढा पक्षी दिसला तर त्याच्या जवळ जायचं नाही. वहीत तिने हे सगळं एकाखाली एक लिहून घेतलं होतं.

मी तिला ती वही उघडायला लावली आणि प्रत्येक ओळीपुढे काय करायचं तेवढं लिहायला सांगितलं. पाटीच्या पुढे जायचं नाही. समुद्रात जेलीफिश अडवायला लावलेल्या जाळीबाहेर पोहायचं नाही. अनोळखी पानाला हात लावायचा नाही. ज्या भीतीला नियम आहे, ती नियम पाळला की बरीचशी आवरते. तिच्या वहीतल्या सगळ्या भीतींना नियम निघाला. तरी झोप येईना, म्हणजे मूळ दुखणं वहीच्या बाहेर होतं.

"मॅडम, हसू नका. रात्री खिडकीबाहेर कोणीतरी बाई रडते. जोरात. आणि कोणीच उठत नाही."

आईला सांगितलं तर आई म्हणाली होती, दिवा चालू ठेव, रामरक्षा म्हण, फोन बंद करू नकोस. त्यामुळे रात्रभर व्हिडिओ कॉल चालू. इकडे आई जागी, तिकडे मुलगी जागी. माझं रामरक्षेबद्दल काही म्हणणं नाही. त्याने तिला थोडा धीर येतही होता. पण दोघी एकमेकींची भीती राखत बसल्या होत्या.

तो आवाज कसला, मलाही माहीत नव्हतं. मी तिला एकच काम दिलं: उद्या सकाळी स्वयंपाकघरात जो पहिला भेटेल त्याला विचार. नऊ दिवसांत घरातल्या चौघांशी ती 'हॅलो'पलीकडे बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी संदेश आला. तो पक्षी होता, बुश स्टोन-कर्ल्यू. रात्री विव्हळल्यासारखा ओरडतो, विद्यापीठाच्या हिरवळीवर दिवसा निश्चल उभा असतो. तिथल्या काही आदिवासी समाजांतही त्याच्या ओरडण्याचा संबंध मृत्यूशी जोडतात, तेव्हा तिला जे वाटलं त्यात वेडेपणा काही नव्हता. तिने फोटो पाठवला: लांब पाय, मोठे पिवळे डोळे. मी ओळखला नाही. तिच्या बाबांनी मात्र फोटो पाहताच सांगितलं, "अगं, हा आपल्या माळावरचा करवानक!" तो अगदी तोच नाही, पण बाबा फारसे चुकले नव्हते. करवानक आणि हा पक्षी एकाच प्रजातीगटातले, जवळचे भाऊबंद.

त्या रात्री तो पुन्हा ओरडला. ती दचकली, पण पाच तास झोपली.

पुढचे सहा आठवडे आम्ही दोनच गोष्टी धरल्या. परत यायचं की नाही, हा विचार रात्री अकरानंतर करायचा नाही. आणि आईशी बोलायची एक वेळ ठरवायची, सायलीच्या संध्याकाळी अर्धा तास. आईला हे जड गेलं. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही माझ्या लेकीला माझ्यापासून तोडताय." तो राग मी ऐकून घेतला. त्यांनाही झोपेची गरज होती.

हे सगळ्यांना पुरेल असं नाही. दोन आठवडे झोप किंवा जेवण नसेल, वर्गात जाणं बंद झालं असेल, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे जायलाच हवं. जगू नये असं वाटत असेल तर उजाडायची वाट पाहू नका. ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा क्रमांक १३ ११ १४ आहे, जिवाला धोका असेल तर ०००. आणि काही मुलांनी खरोखर परत यावं, तसा सल्लाही मी दिला आहे. पण तो निर्णय झोप झालेल्या डोक्याने घेतलेला होता.

गुढीपाडव्याला सायली खूप रडली. त्यासाठी मी तिला काहीही करायला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये तिचा निरोप आला: "मॅडम, पुढच्या वेळी संध्याकाळी सातची वेळ नको. माझे साडेअकरा होतात, मी झोपलेली असते."