वाचकांचे प्रश्न : ‘रन’चे अर्थ किती आणि ते लावायचे कसे?

प्रश्न : इंग्रजी ‘रन’ या शब्दाचे सहाशेच्या वर अर्थ आहेत असे वाचले. हे खरे आहे का? असल्यास ते शिकायचे तरी कसे?

उत्तर : आकडा खरा आहे, पण तो घाबरण्यासाठी नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची सुधारित आवृत्ती तयार होताना 2011 साली ‘रन’ या क्रियापदाच्या अर्थांची संख्या 645 भरली. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, 1989च्या आवृत्तीत त्याचे सुमारे 430 अर्थ नोंदले होते. हा कोश ऐतिहासिक आहे. शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थ आणि एकाच अर्थाच्या बारीक छटाही तो वेगळ्या मोजतो. शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडलात तर तोच शब्द पान-दोन पानांत आटोपतो. आधी तोच घ्या.

अर्थांची यादी पाठ करू नका. वाक्यात तीन गोष्टी पाहा.

पहिली, कर्ता कोण? माणूस किंवा घोडा असेल तर धावणे. नदी, नळ, नाक असेल तर वाहणे. कपड्याचा रंग असेल तर तो जाणे किंवा पसरणे. यंत्र असेल तर चालणे, रस्ता असेल तर जाणे, नाटक असेल तर प्रयोग होत राहणे. वाहण्याचा अर्थ मागाहून चिकटलेला नाही; जुन्या इंग्रजीपासून हा शब्द पळणे आणि वाहणे या दोन्हींसाठी वापरात आहे. हे लक्षात आले की निम्मे अर्थ आपोआप सुटतात.

दुसरी, कर्म आहे का? ‘द शॉप रन्स वेल’ म्हणजे दुकान चांगले चालते. ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. मराठीत चालणे-चालवणे असा रूपभेद होतो, इंग्रजीत रूप तेच राहते. त्यामुळे कर्म न पाहता वाचणारा इथे हमखास चुकतो. काही कर्मांबरोबर मात्र ‘चालवणे’ही जमत नाही. ‘रन अ बाथ’ म्हणजे नळ सोडून टब भरणे, ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणे, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. अशा जोड्या अख्ख्याच लिहून ठेवाव्यात.

तिसरी, पुढे कोणता छोटा शब्द आला आहे? ‘रन इन्टु’ म्हणजे अचानक गाठ पडणे किंवा धडकणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली घेणे किंवा भरभर नजर फिरवणे. ‘रन अप’पुढे बिल असेल तर ते वाढवून ठेवणे. ‘रन डाउन’ बॅटरीबाबत उतरणे, माणसाबाबत त्याला नावे ठेवणे. शब्दांचा क्रमही सांभाळा. ‘द कार रॅन हिम ओव्हर’ हे बरोबर, कारण इथे सर्वनाम मध्ये येऊ शकते. ‘आय रॅन हिम इन्टु’ मात्र चूक. ‘रन इन्टु’ तोडता येत नाही.

प्रश्न : क्रिकेटमधला ‘रन आऊट’ आणि ‘पैसे रन आऊट झाले’ यातला ‘रन आऊट’ एकच का?

उत्तर : नाही. क्रिकेटमध्ये तो फलंदाजाला धावबाद करण्याचा प्रकार आहे आणि तिथे क्रियापदाला कर्म लागते. म्हणून कर्मणी रचनेत ‘ही वॉज रन आऊट’ असे म्हणायचे. ‘वॉज रॅन आऊट’ ही फार पसरलेली चूक आहे. रूपे रन, रॅन, रन अशी आहेत; कर्मणीत आणि ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’नंतर तिसरे रूप येते, आणि ते पहिल्यासारखेच आहे.

दुसऱ्या अर्थी ते संपणे. इथे कर्ता बदलला की रचना बदलते. वस्तू कर्ता असेल तर ‘द मनी हॅज रन आऊट’. माणूस कर्ता असेल तर ‘वुई हॅव रन आऊट ऑफ मनी’. माणूस कर्ता असताना हा ‘ऑफ’ गाळला की वाक्य मोडते.

प्रश्न : भाषांतर करताना ‘रन’साठी ‘धावणे’ केव्हा टाळावे?

उत्तर : प्रत्यक्ष पाय किंवा चाके धावत नसतील तेव्हा बहुतेक वेळा. ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे ‘घराण्यातच आहे’. ‘ही इज रनिंग लेट’ म्हणजे त्याला उशीर होतोय, तो धावत असो वा बसलेला. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. इथे ‘रनिंग’ नामानंतर आले आहे, हीच खूण. ‘रन शॉर्ट’, ‘रन ड्राय’ अशा जोड्यांत पुढच्या विशेषणाला महत्त्व आहे: कमी पडणे, आटणे. ‘धावते समालोचन’ रुळले आहे, ते राहू द्या; पण त्याच्या आधाराने ‘धावते पाणी’ करू नका, ‘वाहते पाणी’ हा आपला शब्द तयार आहे.

प्रश्न : निवडणूक लढवणे म्हणजे ‘रन’ की ‘स्टॅण्ड’?

उत्तर : अमेरिकी इंग्रजीत ‘रन फॉर’, ब्रिटिश वळणात ‘स्टॅण्ड फॉर’. एका मजकुरात एकच वळण ठेवा.