तिसरा दशांश

प्रिय,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोन्हीदा फाडलं. पहिल्यात उपदेश फार झाला होता, दुसऱ्यात राग. या तिसऱ्यातही दोन्ही सापडतील. चालवून घे.

रविवारी उपासनेत पाहुणे वक्ते म्हणाले, महास्फोटाच्या आधी काय होतं ते विज्ञानाला सांगता येत नाही, म्हणजे तिथे देव आहे. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं आणि तुला मान खाली घालावीशी वाटली. सोमवारी प्रयोगशाळेत तुझे मार्गदर्शक सहज बोलून गेले, की जे मोजता येत नाही ते नसतंच. सगळे हसले, आणि तिथेही तू गप्प. ‘सर, मी दोन्हीकडे चोरासारखी बसते’ हे तुझं वाक्य मला लागलं. मीही तसा बसलोय, बरीच वर्षं.

विश्वास सोडू नकोस वगैरे लिहीत नाही. तो तुझ्याकडे नसता तर तू लिहिलंस तरी कशाला असतं, आणि तेही मला?

व्हर्नियर कॅलिपर आठवतो? शाळेच्या प्रयोगशाळेत तू पितळी गोळीचा व्यास मोजलास आणि वहीत २.३४७ सेंटिमीटर लिहिलंस. मी त्या सातावर लाल गोल काढला. तू भांडलीस. ‘सर, रेघ दोन खुणांच्या मध्ये दिसतेय, मी डोळ्यांनी पाहिलंय.’ मी म्हणालो, कॅलिपरचं लघुत्तम माप ०.०१ सेंटिमीटर आहे, तिसरा दशांश त्याला दिसत नाही. तो सात गोळीतून आलेला नाही, तुझ्या डोक्यातून आलाय. तू आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाहीस.

मला सांगायचंय ते तेवढंच आहे: लघुत्तम मापाच्या पलीकडचा आकडा लिहू नकोस. रविवारचे वक्ते तो लिहीत होते. तुझे मार्गदर्शकही लिहीत होते. आणि मी तर जन्मभर लिहिला, वर त्याला साक्ष म्हटलं.

आधी मार्गदर्शकांचं, कारण ते सोपं आहे. साध्या मीटरपट्टीवर डोक्याचा एक केस ठेव आणि जाडी वाच. पट्टीला मिलिमीटरच्या खालचं दिसत नाही, केस त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. वाचन शून्य. आता केस नाही असं कोण म्हणेल? शून्य वाचन पट्टीबद्दल सांगतं, केसाबद्दल नाही. शिवाय केसाच्या बाबतीत दुसरं, बारीक यंत्र आणता येतं. काही प्रश्नांना बारीक यंत्र आणूनही उपयोग नाही, कारण ते लांबीचे प्रश्नच नाहीत. ज्याने आपलं वाटोळं केलं त्याला क्षमा का करायची, हे तापमापीला विचारून काय मिळणार? तुझ्या मार्गदर्शकांना हे कळत नाही असं नाही. ते हुशार आहेत, त्यांचं काम मी वाचलंय. बहुतेक कुठल्यातरी आगाऊ धर्मोपदेशकाने त्यांना कधीतरी दुखावलंय. त्यांच्यावर चिडू नकोस.

चिडायचंच असेल तर आपल्या लोकांवर चीड, आणि त्यात पहिला मी.

तू शिकायला येण्याच्या किती तरी आधी मी तरुण संघात बोलत असे. भौतिकशास्त्राचा शिक्षक आणि वर शास्त्र उघडून बोलणारा, म्हणून मंडळीत माझा रुबाब होता. त्या दिवसांत सूर्याच्या न्यूट्रिनोंचं, म्हणजे तिथून येणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं, कोडं सुटलेलं नव्हतं. सूर्याच्या गाभ्यातून न्यूट्रिनो किती यावेत याचा हिशेब होता. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या होमस्टेकच्या सोन्याच्या खाणीत ते मोजत होते, आणि अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश सापडत होते. मी हे अगदी रंगवून सांगायचो. ‘डोक्यावरचा सूर्य कसा तळपतो हे ज्यांना धड माहीत नाही, ते आपल्याला सृष्टीची सुरुवात शिकवणार?’ पोरं हसायची. पाळकसाहेब पाठ थोपटायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मग कॅनडातल्या सडबरी इथे जमिनीखाली दोन किलोमीटर खोल, एक हजार टन जड पाण्याच्या (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो) टाकीत उत्तर मिळालं. २००१ आणि २००२ सालचे ते निष्कर्ष. न्यूट्रिनो हरवलेच नव्हते. वाटेत ते रूप बदलत होते, आणि आधीच्या यंत्राला एकच रूप दिसत होतं. सूर्याचा हिशेब बरोबर होता. (पुन्हा लघुत्तम मापाचीच गोष्ट, बघ. यंत्राला दिसलं नाही म्हणून नाही म्हणायचं.)

संघातला एक मुलगा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आला. कात्रण चार घड्यांचं होतं, घडीवरची शाई उडालेली. बरेच दिवस खिशात बाळगलं असणार. टेबलावर ठेवून म्हणाला, ‘सर, आता देव कुठे राहतो?’ टोमणा नव्हता तो. त्याला खरंच विचारायचं होतं. मी हसून म्हणालो, विज्ञानाला अजून पुष्कळ काही माहीत नाही. एक फट बुजली तर मी त्याला दुसरी दाखवली! तो मंडळीत पुन्हा आला नाही. त्याला विज्ञानाने नेलं असं लोक म्हणतात. त्याला मी घालवला. देवाला मी एका फटीत बसवला होता, ती फट बुजली, आणि पोराने सरळ हिशेब केला.

माझ्याहून फार मोठ्या माणसांनी हे केलंय, हा काही दिलासा नाही, तरी सांगतो. न्यूटनना वाटे की ग्रह एकमेकांना ओढत राहतील, कक्षा हळूहळू बिघडतील आणि कधीतरी ती घडी पुन्हा बसवावी लागेल; बसवणारा अर्थात देव. १७८५ च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने दाखवलं की गुरू आणि शनी यांच्या गतीतली तफावत सुमारे ९०० वर्षांच्या चक्रात फिरते. ती वाढतच जाते असं नाही. एवढ्या कामापुरता देव मोकळा झाला. आता गंमत म्हणजे, कोट्यवधी वर्षांपुढचं ग्रहांचं गणित नेमकं मांडता येत नाही हे अलीकडे पुन्हा कळलंय. येत्या रविवारी कोणीतरी तिथे देवाला नेऊन बसवेल. तू आमेन म्हणू नकोस.

महास्फोटाबद्दल तर तुला तयार उत्तर आहे. ज्याने १९२७ साली विश्व प्रसरण पावतंय हे समीकरणांतून मांडलं, आणि पुढे सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असं सुचवलं, तो जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सुरुवातीचा संबंध बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो हाच माणूस. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरच राहिला पाहिजे, असं तो म्हणत राहिला. प्रत्यक्ष आपल्या फायद्याचा आकडा समोर आलेला, खुद्द पोप तो उचलून धरतायत, आणि हा म्हणतो तेवढं माझं यंत्र दाखवत नाही. मी ते वाचलं तेव्हा पन्नाशी उलटली होती माझी. वीस वर्षं आधी वाचायला हवं होतं.

तुझा पुढचा प्रश्न मला दिसतोय. मग येशूच्या पुनरुत्थानाचं काय, सर? तेही लघुत्तम मापाच्या पलीकडचंच ना?

हो. मी ते मानतो आणि मरेपर्यंत मानेन. पण ते माझ्या कॅलिपरवरचं वाचन आहे असं मी म्हणत नाही. प्रेषित पौलही म्हणत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पाचशेहून अधिक बंधूंना प्रभू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे तो साक्षीदार पुढे करतो, सिद्धता नाही. साक्षीवर विश्वास ठेवणं आणि मोजमाप वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणि याच पत्रात दोन अध्याय आधी तोच माणूस लिहून ठेवतो की आपल्याला अंशतः कळतं, आरशात अस्पष्ट दिसतं. तेव्हाचे आरसे घासलेल्या धातूचे. चेहरा दिसायचा, पण पुसट. पौलाने स्वतःचं लघुत्तम माप लिहून ठेवलंय, आणि आपण त्याचीच पत्रं हातात घेऊन तिसरा दशांश ठोकून देतो. हे उत्तर तुला पुरणार नाही, मला माहीत आहे. मलाही काही रात्री पुरत नाही. पण पुरत नाही म्हणून खोटा आकडा भरायचा का?

आणि एक बजावतो, कारण तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर मला त्याचा वास आला. ‘शेवटी मानवी ज्ञान अपुरंच आहे’ असं लिहून तू उत्क्रांतीचे पुरावे बाजूला सारलेस. हे चालणार नाही. लघुत्तम मापाच्या पलीकडचं लिहू नको म्हटलं, अलीकडचं पुसून टाक असं नाही म्हटलं! केपलर आठव. तो पाळक व्हायला निघालेला माणूस, ट्यूबिंगनला ईश्वरविद्या शिकलेला. मंगळाची कक्षा वर्तुळाकार धरून त्याने वर्षानुवर्षं हिशेब केले आणि शेवटी फरक उरला आठ कलांचा. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. दुसरा कोणी तो फरक गिळून मोकळा झाला असता. पण टायको ब्राहेची निरीक्षणं याहून बरीच अचूक होती. केपलरने लिहिलं की देवाच्या कृपेने आपल्याला टायकोसारखा निरीक्षक मिळालाय, तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने स्वीकारायला हवी. आणि त्याने वर्तुळ सोडलं. १६०९ साली लंबवर्तुळ छापून आलं. वर्तुळ हे परिपूर्ण, म्हणून आकाशात तेच असणार, ही दोन हजार वर्षांची समजूत आठ कलांपुढे गेली. त्याने ज्ञान अपुरं आहे म्हणून सुस्कारा सोडला नाही. तूही सोडू नकोस. तो सुस्कारा नम्रतेचा नसतो, आळसाचा असतो.

आता जे सांगायला नको होतं ते. आमच्या मंडळीतला चार वर्षांचा मुलगा तापाने गेला. घरात गर्दी होती, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी त्याच्या आईला म्हणालो की देवाला त्याची गरज होती म्हणून देवाने त्याला नेलं. तिच्या हातात त्याचा एक मोजा होता. दुसरा सापडत नव्हता, ती सकाळपासून शोधत होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, ‘सर, तुम्हाला हे कोणी सांगितलं?’

आवाज चढलेला नव्हता. नुसता प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

बायबलातल्या ईयोबाची सगळी मुलं गेली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर त्यांचं चुकलं नव्हतं. मग त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली, ती अध्यायामागून अध्याय. शेवटी देव रागावला तो ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, म्हणून. आणि ईयोबाला तरी काय मिळालं? पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असे प्रश्नच. एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि हे कबूल केल्यावर तो उभा राहिला.

त्या दिवसानंतर मी हट्टी झालो. ‘विज्ञान हरलं’ असं एक पत्रक मंडळीतर्फे निघणार होतं, तेव्हा मी पंचांच्या बैठकीत विरोध केला. माझी शब्बाथ शाळा गेली. तेवीस वर्षं चालवली होती ती. लोक म्हणतात सरांना शिकलेपणाचा माज आहे. त्या वेळी पंचांना लिहिलेलं माझं पत्र मी अलीकडे पुन्हा वाचलं. माज आहे त्यात. त्यातले दोन परिच्छेद निव्वळ अपमान करायला लिहिलेत. पण मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे, आणि त्या पत्रकातलं एक वाक्य जरी कोणी मला सिद्ध करून दाखवलं असतं तर… जाऊ दे. हे तुला कशाला सांगतोय.

तू विचारलंयस, पुढच्या रविवारी ते वक्ते पुन्हा येतील तेव्हा उठून बोलू का. बोल. पण सगळ्यांसमोर नको. उपासना संपल्यावर त्यांना गाठ, आणि त्या आईने मला विचारलं तेच विचार, तितक्याच हळू आवाजात. मार्गदर्शकांना मात्र केसाची गोष्ट सांगू नकोस, ती शाळेतल्या मुलांसाठी ठीक आहे. त्यांना फक्त सांग की तू उपासनेला जातेस. बाकी तुझं काम बोलेल.

कामावरून आठवलं. पत्राबरोबर तुझ्या प्रबंधातले तक्ते पाठवलेस, ते पाहिले. तिसऱ्या तक्त्यात सगळी वाचनं चार दशांशांपर्यंत आहेत आणि त्रुटीचा रकाना कोरा आहे. तो भरून पुन्हा पाठव.

तुझा,
सर