९१ पर्सेंटाइल म्हणजे १८२ मार्क नव्हेत

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाला इंजिनिअरिंगच्या सीईटीत (पीसीएम ग्रुप, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ९१ पर्सेंटाइल मिळालेत, म्हणजे २०० पैकी १८२ मार्क असायला हवेत, पण आन्सर की लावून मोजले तर ९७च भरतात, पोरगा काहीतरी लपवतोय म्हणून आठ दिवस झाले मोबाईल काढून घेतलाय, आता रिपीट करायला लावू का?

साहेब, मार्कांचं मला काहीच वाटलं नाही, धस्स झालं ते त्या 'लपवतोय'ने. स्कोअरकार्ड परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरून निघतं, त्यात पोरगं काय लपवणार? वर जेवताना आत्याच्या मुलाचा आकडा काढता हेही तुम्हीच लिहिलंय, 'त्याच्या भल्यासाठी' म्हणे. दोन वर्षं पहाटे उठून क्लासला गेलेल्या पोराला घरातच चोर ठरवलंत, तेही गणित तुमचं चुकलेलं असताना.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत हो. त्याच्या शिफ्टला समजा १०,००० मुलं बसली आणि ९,१०० जणांचे मार्क त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी (तोही त्यातच धरला), तर झाले ९१ पर्सेंटाइल, मग मार्क ९७ असोत नाहीतर १५०. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, तो अवघड निघाला की कमी मार्कांतही पर्सेंटाइल वर जातो, सोपा निघाला की उलटं, म्हणून दुसऱ्या शिफ्टला बसलेल्या आत्याच्या मुलाशी मार्क लावून बघण्यात काही अर्थ नाही. आणि तीन विषयांची सरासरीही काढू नका, टोटलचा पर्सेंटाइल टोटल मार्कांवरून वेगळा काढतात (यावरूनही माझ्याकडे भांडायला आलेले पालक आहेत).

पेपरचं म्हणाल तर फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक मार्काचे, मॅथ्सचे ५० दोन-दोन मार्कांचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे अर्धे मार्क एकट्या मॅथ्सचे.

रिपीटचं मला विचारताय, त्याला विचारलंत का? अख्ख्या पत्रात त्याला कुठली ब्रँच हवीय हे एकदाही आलेलं नाही. मी तरी आत्ता रिपीटचं नावही काढणार नाही. गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या (प्रवेशाच्या सरकारी फेऱ्यांच्या) कटऑफ याद्या दोघांनी मिळून उघडा, त्यात पर्सेंटाइलच असतात, तुमच्या कॅटेगरीच्या कॉलममध्ये ९१ला कुठे काय मिळालं ते बघा आणि पेन त्याच्या हातात द्या. कॉलेजांचा पसंतीक्रम त्यालाच लावू दे, कारण पहिल्या फेरीत एक नंबरचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं.

आणि मोबाईल आजच परत द्या, रजिस्ट्रेशनला त्याचाच नंबर दिला असेल तर ओटीपी तिथेच येणार आहे.